शनिवारी रद्द झालेलं हेलिकॉप्टर

नायक सुधाकर मेश्राम सोमवारी पहाटे बेस हॉस्पिटलमध्ये मरण पावले. गुरुवारी संध्याकाळी आमच्या पोस्टवर त्यांनी जंगली अळिंबी खाल्ली होती.

पोस्ट ईशान्येच्या डोंगरात होती. मी हवालदार, गाव सिहोरा. मेश्राम सानगडीचे; दोन्ही गावं भंडारा जिल्ह्यातली. पावसात रस्ता तुटला की ताजी भाजी संपायची, डबाबंद रेशन सुरू व्हायचं. त्या दिवशी गस्तीवरून परतताना मेश्राम एका झाडाखाली थांबले. हवालदार म्हणून ते मला उस्ताद म्हणायचे.

"उस्ताद, सात्या! अगदी आपल्या गावच्यासारख्या."

भंडाऱ्याकडे सात्या, म्हणजे खायची जंगली अळिंबी, वारुळावर उगवतात. त्या लांब मुळासकट उपटतात. इथं वारूळ नव्हतं, जमीन दगडी होती. मेश्रामांनी चाकूने देठ कापले. भाजी एका ताटापुरती झाली.

"घ्या ना, दोन घास."

माझं जेवण झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मेश्रामांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. नर्सिंग असिस्टंटने सलाइन लावलं. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी रेडिओवर चॉपर मागितलं.

"उद्या सकाळी. हवामान साफ असेल तर. ओव्हर."

शनिवारी हवामान साफ होतं. मेश्रामांच्या उलट्या थांबल्या होत्या. त्यांनी चहा घेतला, दाढी केली.

"हगवणीसाठी हेलिकॉप्टर बोलावून राहिले का, उस्ताद? गावात समजलं तर लोक जनमभर हासतीन मले."

सुभेदार साहेबही हसले. मग रेडिओवर गेले.

"पेशंट ठीक. चॉपर कॅन्सल. ओव्हर."

रविवारी मेश्रामांचे डोळे पिवळे झाले. त्यांनी मला ओळखलं नाही. ढग खाली उतरले होते, चॉपर येऊ शकत नव्हतं. आम्ही त्यांना स्ट्रेचरवर उचलून खाली रस्त्यापर्यंत आणि तिथून गाडीने बेस हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टरांनी त्या झाडाखालची अळिंबी मुळासकट मागवली. जवानांनी खणून काढली. देठाच्या बुडाशी, मातीत, पांढरी पातळ पिशवी होती. चाकूने कापताना ती जमिनीतच राहिली होती.

"ही विषारी जातीची खूण," डॉक्टर म्हणाले. "उलट्या सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पेशंटला बरं वाटतं. आत यकृत निकामी होत असतं."

पार्थिवासोबत मी सानगडीला आलो. मेश्रामांच्या पत्नीने एवढंच विचारलं, "भाऊजी, शनिवारी फोन आला होता त्याहीचा. बरा हाय म्हणत होते. मले खोटं सांगतलं का?"

"नाही, वहिनी. शनिवारी ते बरे दिसत होते."

दुपारी अंत्यसंस्कार झाले. तीन फैरी झाडण्यात आल्या.