उशिरा पेटलेली जाळरेषा

संतोषचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या मंडईत भेंडी निवडत होतो. ‘‘सर, आबा गेले,’’ एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. संतोष म्हणजे शिवाभाऊंचा थोरला, उर्स्याकडच्या एका कारखान्यात कामाला. आणि मी काय केलं असेल? भेंडी तोलून घेतली, पिशवीत टाकली, घरी आलो, मग पायरीवर बसलो ते दुपारपर्यंत उठलो नाही. त्याला आता सात आठवडे होतील. मधल्या काळात शोकसभा झाली. सगळे चांगलंच बोलले. मीही बोललो, आणि खोटं बोललो.

शिवाभाऊ उर्स्याच्या बाजूचे शेतकरी. मावळ म्हटलं की लोकांना धबधबे आणि धुकं आठवतं, त्यांनी एकदा फाल्गुनात ह्या बाजूला यावं. घाटमाथ्याचा पाऊस इथवर येईतो हात आखडतो, आणि होळीच्या सुमाराला गावामागचा डोंगर असा वाळतो की विडीचं थोटूकही पुरे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, निवृत्त झाल्यावर झाडांच्या नादानं त्या डोंगरावर हिंडायला लागलो आणि भाऊंची गाठ पडली. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं की तरुणपणी दर उन्हाळ्यात हा डोंगर तेच पेटवायचे. जाळलं की पावसाळ्यात गवत कोवळं येतं, गुरं आवडीनं खातात, हे बापानं शिकवलेलं. गवत यायचंही. पण हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की डोक्यावर गेलेली ऐनाची झाडं पुन्हा गुडघ्याएवढीच दिसताहेत, आणि काही बुडखे तर फुटायचेच थांबलेत. मी माझं शहाणपण पाजळायला लागलो तेव्हा त्यांनी मला गप्प केलं. म्हणाले, ‘‘मास्तर, जळालेलं झाड मेलेलं नसतंय. खाली जितं असतंय. पर दरसाल जाळलं तर त्यानं उठायचं तरी किती येळा?’’ पुस्तकातलं अख्खं प्रकरण होतं ते. ऐनाची साल बोटभर जाड होईतो आग लागता कामा नये, मग आग आली तरी चाटून जाते, एवढं साधं गणित. त्यापायी हा माणूस आठ वर्षं त्या उतारावर राखणीला बसला.

राखणीची त्यांची रीत ठरलेली होती. पौष सरता सरता उताराच्या पायथ्याला गवत कापून पट्टा काढायचा आणि तो पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे पुढे रस्त्याकडून वणवा आला तर त्याला खायला काही उरत नाही. ह्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. पण ती पेटवायची पहाटेच, दव असताना. ओलसर गवतात आग दबून चालते. भाऊ कडेच्या उभ्या गवतात हात घालायचे. तळवा ओला झाला तर काडी ओढायची, कोरडा निघाला तर मुकाट्यानं घरी. आठ वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

तो मी मोडायला लावला. पुण्याच्या एका निसर्गप्रेमी गटाला जाळरेषा बघायची होती, आणि आपला माणूस चार शहाण्यांना दाखवावा ही हौस मलाच. भाऊ म्हणाले होते, जाळायचं काय बघायचंय, लग्न हाय व्हय? पण माझ्या शब्दाखातर त्यांनी रविवार धरला. मंडळी साडेसहाला यायची होती, वाटेत मिसळीला थांबली आणि साडेनऊला उगवली. सातपासून भाऊ म्हणत होते की उरकून घेऊ, आणि मी म्हणत होतो, थांबा जरा. साडेनऊला त्यांनी गवतात हात घातला आणि तळवा माझ्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत. तरी मीच म्हणालो, ‘‘एवढ्या लांबून आलेत हो भाऊ, थोडीशी तरी पेटवून दाखवा.’’

त्यांनी माझा मान राखला. पाच मिनिटांत वारा उठला आणि आगीनं पट्टा ओलांडला. आठ वर्षांचं गवत न् पाचोळा होता वर. पाहुणे रस्त्याकडे पळाले, मीही थोडा पळालो, आणि भाऊ हिरवा डहाळा मोडून आगीत शिरले. बाहेर काढले तेव्हा छातीपर्यंत भाजलेले होते.

दवाखान्यात ते नऊ दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी गेलो, बाहेरच्या बाकावर संतोषशी डॉक्टर, औषधं असलं काहीबाही बोललो आणि परत आलो. पुन्हा गेलो नाही. गावात कुजबुज सुरू झाली की राखणदारानंच डोंगर जाळला. ते माझ्या कानावर येत होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. शोकसभेत ‘अचानक वारा सुटला’ असं मी म्हणालो. लाज वाटते लिहिताना.

मग त्या गटानं ठरवलं की पावसाळ्यात जळक्या उतारावर खड्डे घेऊन भाऊंच्या नावानं रोपं लावायची, आणि पुढाकार मी घ्यायचा. म्हणून गेल्या आठवड्यात वर गेलो. सगळा काळा उतार. पण खाली वाकून पाहिलं, तर कोळसा झालेल्या ऐनाच्या बुडाशी तांबूस, लवदार फुटवे. करवंदी जमिनीतून वर आलेली, पळसाला पानं. पावसाचा एक थेंब नसताना. तिथं कुदळ पडली तर हीच मुळं तुटणार. हात लावू नका, भाऊंनी राखलेलं खाली जितं आहे हे सांगायचं, तर ते कुणामुळे जळलं ही खरी गोष्टही सांगायला हवी. आणि ती आधी भाऊंच्या बायकोला, वहिनींना.

वहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही.

‘‘ठावं हाय मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दवाखान्यात दुसऱ्याच दिशी सांगितलं त्यांनी. कुनाला बोलू नगं म्हनले. मास्तर खजील झाला तर यायचा बंद व्हईल, मग डोंगराकडं बगायला कोन हाय?’’ सूप खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘‘रोज इचारायचे, मास्तर आले का. तुमी तर तसंबी बंदच झालात.’’

त्या गटाला मी फोन करून सांगितलंय की उतारावर कुदळ लावायची नाही, आग भाऊंनी लावली पण वेळ मी चुकवली. त्यांनी फोन ठेवला. आता रोज सकाळी पहिल्या एसटीनं जातो आणि ओट्याच्या ज्या कोपऱ्यातून उतार दिसतो, भाऊ जिथं बसायचे, तिथं बसून राहतो. वहिनी चहा आणून ठेवतात. बोलत मात्र अजून नाहीत.