चिंचेच्या पाण्यातले मोती

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, बायकोचं कौतुक तोंडाने कधी करता आलं नाही. पेडगावच्या शाळेत दिवसभर पोरांवर ओरडणारा हा माणूस घरी आईसमोर आला की मुका व्हायचा. म्हणूनच बहुतेक, हैदराबादला गेले तेव्हा येताना तिच्यासाठी मोत्यांचा सर घेऊन आले. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचे दिवस होते, एसटी बंद. परभणीहून पायीच आले, सर सदऱ्याच्या आतल्या खिशात.

"खरे हायेत का?" आईने गळ्यात घालून विचारलं.

"खरेच. कल्चरचे हायेत," दादा म्हणाले, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. समुद्रातल्या शिंपल्याच्या पोटात माणूस एक मणी ठेवतो आणि शिंपला त्यावर थर चढवत बसतो, ही सगळी हकिकत आम्हाला ऐकावी लागली. "वरचं साल तेवढं मोत्याचं. तेच जपायचं असतंय."

जपायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. तेल, अत्तर सगळं लावून झाल्यावर शेवटी सर घालायचा, आणि घरी परतल्यावर सगळ्यात आधी तोच उतरवून त्यांच्या हातात द्यायचा, असा आईला हुकूम. मग ते जुन्या धोतराचं मऊ फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे आणि एकेक मोती पुसायचे. सर कपाटात डांबून ठेवू नये, अंगावर असला की मोती बरा राहतो, असंही सांगायचे. आत्याला हे बघून हसू आवरायचं नाही.

"वैनी, नशीब काढलं तुमी. आमचा माणूस पाण्याचा तांब्या बी उचलत न्हाई."

एका दुपारी दादा शाळेतच छातीत कळ येऊन गेले. आईचं कुंकू पुसलं गेलं, बांगड्या गेल्या आणि सर पत्र्याच्या डब्यात गेला. विधवेने मोती घालू नयेत, असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. त्या न बोलणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

डबा उघडला तो माझं लग्न ठरल्यावर. सर मला द्यायचा होता. पण बंद डब्यात आमच्याकडचे उन्हाळे सोसून मोती पिवळे पडले होते. आईने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, काही फरक पडेना. आमच्या घरात देवाची भांडी, पैंजण, जोडवी, सगळं चिंचेने उजळायचं. तिने चिंच कोळली आणि सर त्यात भिजत घातला. आंबटाने मोती खराब होतो, हे दादांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. काम तेच करायचे, सांगणार कशाला?

सर बाहेर काढला तेव्हा मोती खडूसारखे पांढरेफटक झाले होते. काहींचं साल सुटून आतला मणी दिसत होता. दादा गेले तेव्हा आई नुसती भिंतीकडे बघत बसली होती. त्या दिवशी मात्र सर पदरात घेऊन ती मोठ्याने रडली. "त्यांनी एवढं जपलेलं मी घालवलं गं माय," एवढंच म्हणत राहिली.

लग्नाच्या सकाळी ती मांडवात आली ती गळ्यात तोच सर घालून. आत्या लगबगीने पुढे आली.

"वैनी, हे काय?"

"आता हा दागिना कुठं ऱ्हायलाय?" आई म्हणाली. "घालते मी."

आत्याने वाकून ते मोती पाहिले. मग तिने आईचा पदर सारखा केला आणि अक्षता वाटायला गेली. बाकी कुणी लक्षही दिलं नाही. त्यांना ती साधी मण्यांची माळ वाटली.

पुढे आईच्या गळ्यात तो सर कायमचाच झाला. मी माहेरी गेले की बघायचे, रोज संध्याकाळी ती तो उतरवून, धोतराचं तेच फडकं ओलं करून एकेक मोती पुसत बसायची. चमक काही परत येणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. एकदा न राहवून मी हात पुढे केला.

"आण आई, मी पुसते."

तिने सर मांडीवर ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. हे त्यांचं काम हाय. ते न्हाईत म्हणून मी करायलेय."