पाशाभाईंची नक्कल आणि दोन पांढरे शर्ट

मला शर्ट शिवता येत नव्हता. शिंप्याची नक्कल येत होती. आमच्या अक्काला वाटलं, तेवढं बास हाय!

मी लोहा गावचा, पण शिकायला लातूरला अक्काकडं, म्हणजे थोरल्या बहिणीकडं आन् दाजींकडं ऱ्हायचो. लातूर तेव्हा नवं नवं जिल्हा झालेलं. (जिल्हा झाल्यापासून नळाचापण रुबाब वाढला. आठ-आठ दिवस तोंड दाखवायचा न्हाई!) त्यात दुष्काळ. टँकरचा भोंगा वाजला की अर्धी गल्ली जेवणावरून उठायची.

गल्लीच्या तोंडाशी पाशाभाई शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत पहिला सवाल, "कपडा भिगाके लाये क्या?" हे वाक्य मी असं हुबेहूब काढायचो की एकदा बाहेरून म्हणलं, तर आतून खुद्द पाशाभाईच "हौ" म्हणाले!

चौदा एप्रिल जवळ आली. अक्काची जुळी पोरं, मिलिंद आन् राहुल, वय वर्षं पाच, जयंतीला स्टेजवर त्रिसरण म्हणणार होती. महिनाभर घरात तेच. पण कमिटीची अट होती, पांढरा शर्ट न्हाई तर पोरगं स्टेजवर न्हाई. तयार शर्ट परवडणार नव्हते. अक्कानं कोरा मांजरपाट आणला.

"शिलाई कुठून देऊ? तू करतोस न्हव का पाशाभाईची नक्कल? काप की!"

"अगं अक्का, नक्कल येगळी अन्..."

"तू कापून दे. मशिन मी मारते."

कात्री हातात आली आन् पाशाभाई माझ्या अंगात आले. गळ्यात टेप टाकली. "छाती बाईस! हिलो मत, मियाँ!"

"मामा, गुदगुल्या होऊन राहिल्या!" राहुल लोळला.

मग मी कापडावर वाकलो, भुवया चढवल्या आन् म्हणलं, "कपडा भिगाके लाये क्या?" अक्का डोळ्याला पाणी येईस्तोवर हसली. तिचं हसू थांबायच्या आत मी करकर करकर कापून मोकळा!

आन् काय सांगू, शर्ट बसले! कॉलर जराशी आकाशाकडं बघत होती, पण बसले. दोन दिवस मी गल्लीतून टेलर-मास्तरासारखा चाललो.

जयंतीच्या सकाळी अक्कानं शर्ट उजेडात धरले. "पिवळट दिसून राहिले रं. नीळ द्यावी काय?"

तेवढ्यात टँकरचा भोंगा! वर्षात कधी वेळेवर आला न्हाई, तो नेमका त्या दिवशी आला. मी चौघांना ढकलून दोन घागरी आणल्या. अक्कानं शर्ट धुतले, नीळ दिली, दोरीवर टाकले. एप्रिलातलं लातूरचं ऊन! अर्ध्या तासात वाळले.

नुसते वाळले न्हाईत.

मिलिंदच्या शर्टाची बाही कोपरावर गेली. राहुलचा शर्ट बेंबीच्या वर. गुंड्या एकीकडं, काजं दुसरीकडं, भांडलेल्या जावांसारखी! जोर लावून कॉलर बसवली तर पोराचा पहिला शब्द निघाला, दुसरा निघंना.

"मामा, आता मी स्टेजवर न्हाई?" मिलिंदचा ओठ थरथरायला लागला. तिकडं मिरवणुकीची हलगी चालू झाली. अक्कानं दोन्ही शर्टांची नुसती घडी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

मी शर्ट उचलले आन् पळालो.

पाशाभाईंनी कापड दोन बोटात चोळलं. माझ्याकडं बघितलं. "कपडा भिगाया था क्या?"

ह्या खेपेला कुणी हसलं न्हाई.

"न्हाई..."

"कोरा मांजरपाट, बिना भिगाये काटा? धोने पे सिकुडेगाच ना! अरे, मेरी नक्कल में सौ बार बोला रे तू! खुद कभी सुना नहीं?"

त्यांनी कात्री उचलली.

"और कपडा है?"

"न्हाई."

त्यांची नजर माझ्या छातीवर थांबली. अंगात माझा एकुलता एक पांढरा शर्ट! त्याच दिवशी स्टेजवर माझ्या नकला होत्या, त्यासाठी घातलेला. त्यांनीच शिवलेला.

"उतार."

"पाशाभाई, नकला..."

"उतार बोला ना!"

त्यांनी पोरांच्या शर्टांच्या कडा उसवल्या आन् माझ्या शर्टाच्या पट्ट्या मधे घातल्या. कुठं बगलेत, कुठं गळ्याला, कुठं खाली. हलगी वळणावर आली, पाशाभाईंचं मशिन चालूच. हलगी पायरीशी आली, शेवटची गुंडी लागली!

पोरं स्टेजवर चढली. दोघांनी एक शब्द न चुकता त्रिसरण म्हणलं. (शर्टांना दोन्ही बाजूनं जास्तच पांढरे पट्टे. लांबून बँडवाल्याची पोरं वाटत होती!) अक्कानं पदर डोळ्याला लावला. मी मंडपामागं नुसत्या बनियनवर उभा राहून सुटकेचा निःश्वास सोडला.

आन् माईकवर माझं नाव पुकारलं.

मी तसाच स्टेजवर गेलो. पाच-सहाशे डोळे माझ्यावर. सवयीनं तोंडातून निघालं, "कपडा भिगाके लाये क्या?"

बायकांच्या घोळक्यातून अक्काचा आवाज आला, माईकशिवाय, "हाव मास्तर! शिवून झाल्यावर!"

मंडप हालला. एवढा हशा मला पुन्हा कधी मिळाला न्हाई. त्यातलं एक वाक्य पाशाभाईंचं, दुसरं अक्काचं. माझं म्हणाल तर अंगातलं बनियन तेवढं होतं.

तेही दाजींचं!