बर्फाखालचं गवत

मिशिगनमधल्या त्या गोल्फ क्लबवर मी राहायला गेले तो २००४ चा जानेवारी होता. अकोल्याहून शेतीची पदवी घेऊन मी हिरवळीच्या गवतावर संशोधन करायला अमेरिकेत आले होते. घरी हे नीट कुणाला समजावता आलंच नाही. "तिकडे कापूस-बिपूस नसतो का?" असं वडिलांनी एकदा विचारलं आणि मग शेजारीपाजारी 'ॲग्रिकल्चर' एवढंच सांगून विषय मिटवला.

माझा विषय होता बर्फ. गोल्फमध्ये चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्याभोवतीच्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की हात फिरवला तर मखमल वाटते. त्यावर भुसभुशीत बर्फ पडला तर बिघडत नाही, उलट त्याची ऊब मिळते. पण पाऊस पडून तो गोठला की काचेसारखा थर बसतो. हवा आत जात नाही, बाहेर येत नाही. महिना-दीड महिना असाच गेला तर गवत मरतं, आणि ते थंडीपेक्षाही गुदमरून मरतं.

क्लब विद्यापीठापासून लांब, त्यात रस्ते बर्फाचे. म्हणून संशोधनाच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी माझी सोय तिथेच केली, मशीनं ठेवायच्या शेडवरच्या एका खोलीत. हिवाळ्यात क्लब बंद. तिथे माणूस म्हणजे एकटे सुपरिंटेंडेंट. मैदानाची सगळी जबाबदारी त्यांची. साठीला आलेले, उंच, कमी बोलणारे. बायको फ्लोरिडाला मुलीकडे गेली होती, नातू झाला होता म्हणून. हे मागे राहिले होते ग्रीन्ससाठी.

सकाळी ते शेडमध्ये कॉफी ठेवत. "आज उणे बारा," एवढं म्हणत आणि बाहेर पडत. मी मागोमाग. दुपारी ते आपल्या घरी जेवायला जात, मी वर माझ्या खोलीत. शिकागोला मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून तूरडाळ आणून ठेवली होती. कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं, खोलीत कुणीतरी आवाज केला म्हणून. एकदा त्यांनी हरणाच्या मांसाचं सॉसेज आणून दिलं.

"मी मांस खात नाही," मी म्हटलं.

"मग काय खातेस? गवत?"

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं मिळून हसलो ते तेव्हाच.

जानेवारीच्या शेवटी पाऊस आला. दुपारभर बर्फावर पाऊस पडला आणि संध्याकाळी तापमान धाडकन खाली गेलं. सकाळी बघते तर अख्खं मैदान चकाकत होतं. ते शेडच्या दारात उभे होते. कॉफी ठेवली नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं. लगेच फोडला तर थंडी सरळ मुळाशी जाईल. उशीर केला तर गुदमरेल."

मग आम्ही दर आठवड्याला प्रत्येक ग्रीनमधून ड्रिलनं गवताची मुळासकट एक छोटी चकती कापून आणायला लागलो. त्या चकत्या डब्यांत घालून मी माझ्या खोलीत खिडकीपाशी मांडायची. उबेत गवत हिरवं झालं तर जिवंत. सुरुवातीला सगळ्याच चकत्या चार-पाच दिवसांत हिरव्या व्हायच्या. सकाळी उठून पहिलं तिकडे बघायची सवय लागली. रविवारी फोनकार्डवर आईशी बोलायची.

"दिवसभर करतेस तरी काय तिथं?"

"बर्फाखालच्या गवताला जपते."

"बोलायला आहे ना कुणी?"

"आहे की," मी म्हणायची. फोन ठेवला की मग मराठी पुढच्या रविवारपर्यंत बंद.

फेब्रुवारी सरताना चकत्या हिरव्या व्हायला वेळ लागू लागला. "उद्या," ते म्हणाले. आम्ही बर्फावर काळी वाळू पसरली. काळा रंग ऊन धरतो, त्यानं थराला भोकं पडली, मग मशीननं तो फोडून बाजूला केला. पण दोन ग्रीन्स उंच पाइनच्या झाडांमागे होत्या. तिथे हिवाळ्यात ऊन पोचतच नसे. तिथे आम्ही कुदळीनं थर फोडला. एक मोठी ढलपी उचलली आणि आंबूस, कुजका वास आला. ते गुडघ्यावर बसले, हातमोजा काढला आणि गवतावर तळहात ठेवला.

"गेलं हे," ते म्हणाले. "मी क्लबच्या कमिटीला दरवर्षी सांगतोय, ही झाडं काढा. त्यांना ती फोटोत छान दिसतात."

त्या दोन ग्रीन्सच्या चकत्या माझ्या खिडकीत पिवळ्याच राहिल्या. तरी मी त्या आणखी पंधरा दिवस फेकल्या नाहीत.

एप्रिलमध्ये सोळा ग्रीन्स हिरव्या झाल्या आणि दोन गोणपाटासारख्या दिसत होत्या. कमिटीनं सुपरिंटेंडेंटना बोलावलं. मी न बोलावता त्यांच्याबरोबर गेले. पाइनची सावली, गोठलेला पाऊस, काळी वाळू, सगळं सांगितलं. हे सगळं केलं नसतं तर आणखी ग्रीन्स गेल्या असत्या, तेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक गृहस्थ हसून म्हणाले, "थँक यू, फार छान समजावलंस." मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

ते बाहेर आले ते जॅकेटची चेन लावत.

"काय झालं?"

"मे महिन्यापासून नवीन माणूस येतोय."

ते पुढे चालत राहिले. गाडीपाशी पोचल्यावर म्हणाले, "तू त्या दोन्हींवर बी टाकून जा. माती तापली की लगेच. उशीर करू नकोस."

ते आठवड्याभरात फ्लोरिडाला निघून गेले. त्यांचं सामान गाडीत भरायला मी मदत केली, फारसं नव्हतंच. नंतरचे तीन आठवडे मी तिथे अक्षरशः एकटी होते. सकाळी शेडमध्ये कॉफी आता मीच ठेवायची, एकच कप. बी टाकलं, वरून जाळी अंथरली, रोज पाणी दिलं. कोवळं गवत वर आलं त्या दिवशी कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. मैदानावर फक्त रानटी बदकं चरत होती.

त्याच वर्षी शरद ऋतूत नव्या माणसानं पाइनची झाडं काढून घेतली. कमिटीनं या वेळी हरकत घेतली नाही. मी हे कळवायला त्यांना फ्लोरिडाला फोन केला.

"बरं केलं," ते म्हणाले. मग विचारलं, "तिथे थंडी पडली का?"

"पडायला लागली."

"इथे नाही पडत," ते म्हणाले. "नातू चांगला आहे. पण सकाळी उठून काय करायचं, ते कळत नाही."

मी 'पुन्हा करते फोन' म्हणाले. त्यानंतर एकदा केलाही, पण तो कुणी उचलला नाही.