घोड्याच्या पोटातलं भोक

अक्कलकुव्यात घड्याळं दुरुस्त करणारे भाईदास हाताने सावकाश आणि तोंडाने फटकळ होते. लढाईच्या दिवसांत मुंबईहून तबकड्या येईनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी जामसिंगला गाठलं. नवस फेडताना डोंगरातली माणसं भिंतीवर देवाचे घोडे काढून घेत, ते जामसिंगकडूनच. भाईदासांनी त्याला पत्र्याची कोरी तबकडी दिली. काट्यांसाठीचं भोक मुद्दाम पाडलं नव्हतं. रंग त्यातून ओघळेल, भोक मागाहून पाडू, असा त्यांचा विचार.

जामसिंगने आकड्यांच्या जागी बारा लहान घोडे काढले आणि भिंतीवर काढतो तसा मधोमध देवाचा मोठा घोडा काढला. भाईदासांनी मधोमध, मोठ्या घोड्याच्या पोटातच भोक पाडलं, काटे बसवले आणि घड्याळ दुकानाच्या दर्शनी भागात टांगलं.

बाजाराच्या दिवशी जामसिंगने ते पाहिलं आणि तो दुकानात शिरला.

"भाईदासभाऊ, देवले भोसकी टाकं तू."

"मंग काटा कोठे बसाडू? मधमा घोडा तूच काढेल व्हता ना!"

"देव मधमाच ऱ्हास. आते मन्हा हातमा भिंत कोण देई?"

भाईदासांनी घाईघाईने काटे उतरवले आणि तबकडी फडक्यात बांधून दिली. "कोणले सांगू नको."

"आख्खा बाजार देखी गया, भाऊ."

पुढच्या नवसाला दुसऱ्या गावचा माणूस भिंत रंगवायला आला. जामसिंग सडकेच्या खडीवर कामाला लागला. लढाई संपली, तबकड्या पुन्हा येऊ लागल्या; पण त्या घड्याळाला भाईदासांनी नवी बसवली नाही. ते तसंच, बिनचेहऱ्याचं चालत राहिलं.