आठ दिवस डालग्याखाली

आक्काच्या अकरा कोंबड्या माझ्या हातून मेल्या. तिला मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीतल्या पेपरच्या डेस्कवरून रिटायर होऊन मी कोरेगावजवळ गावी परत आलो, तेव्हा घरात ती होती आणि परड्यात तिच्या कोंबड्या.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या. आक्का कोंबड्या दुरुस्त करायची.

सकाळी खुराडं उघडायचं आणि गप उभं राहायचं. सगळ्यात शेवटी कोण बाहेर येतं ते बघायचं.

"पयल्या येणाऱ्यांकडं काय बघतोस? त्या बऱ्याच हायत. मागं ऱ्हाणारीला हातात घे."

हातात घेतली की गळ्याखालची पिशवी चाचपायची. सकाळी ती रिकामी पाहिजे, भरलेली लागली तर काहीतरी अडकलंय. मग तुऱ्याचा रंग, चोचीचा वास, शेपटाखालची पिसं.

एकदा अंडं अडकलेल्या कोंबडीला तिनं माझ्या अंघोळीच्या बादलीत, कोमट पाण्यात, अर्धा तास धरून बसवलं होतं.

"आणि माझी अंघोळ?"

"तुला काय अंडं घालायचं हाय व्हय? थांब की."

मग तिचंच दुखणं निघालं. लेक लता सांगलीला असते, म्हणून ऑपरेशन तिकडं ठरलं. निघताना आक्का म्हणाली, "तू हितंच ऱ्हा. कोंबड्या कुणाच्या जिवावर सोडू?"

मी राहिलो. रविवारी भेटून यायचो.

रोज सकाळी सात वाजता लता फोन लावून आईच्या कानाशी धरायची. इकडं मी फोन खुराड्यासमोर धरायचो.

"तांबडी खुडूक बसली काय रं? तिचा आवाज न्हाई."

मी बघायचो. तांबडी खुडूक बसलेली असायची.

लहानपणापासून आक्काला एक उलट्या पिसांची कोंबडी हवी होती. कधी जमलं नव्हतं. त्या आठवड्याच्या बाजारात मला ती दिसली. लगेच घेतली. आक्का बरी होऊन येईल, परड्यात बघेल, काहीतरी खवचट बोलेल, असं सगळं मनात रंगवत घरी आलो.

नवी कोंबडी आठ दिवस डालग्याखाली वेगळी ठेवायची, हा आक्काचा नियम. "बाजारातनं ती एकटी येत न्हाई, आजार बी संगं येतो. आठ दिवसात दिसतोय."

मला तो तोंडपाठ होता. मी तिला डालग्याखाली ठेवली.

ती ओरडायला लागली. दिवसभर.

घरात दोनच आवाज. फ्रिजचा आणि तिचा.

पलीकडं अकराजणी मिळून दाणे टिपत होत्या आणि ही टोपलीखाली एकटी. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी डालगं उचललं.

आयुष्यभर डेडलाइन पाळली. आठ दिवस पाळता आले नाहीत.

पाचव्या सकाळी खुराडं उघडलं तर मागं चार राहिल्या. हिरवी शीट. एकीची मान पिळवटून पाठीवर गेलेली.

मानमोडी.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "याला औषध नाही. लस दिली होती का?" त्या खेपेची राहिली होती. आक्का दवाखान्यात, आणि मला आठवणही झाली नव्हती.

आठवड्यात परडं रिकामं झालं. खड्डा खोल खणला, चुना टाकला, सगळ्या पुरल्या. उलट्या पिसांचीही.

सातचा फोन यायचाच. दोन दिवस रेंज नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी लताचा आवाज वेगळा होता. "मामा, आई जेवत नाही. कोंबड्या ऐकवा म्हणते."

"दहा मिनिटांत करतो," म्हणालो आणि फोन घेऊन खालच्या आळीला मुमताजभाभींकडे गेलो. त्यांच्या कोंबड्यांना लस दिलेली होती. भाभींनी दारातच अडवलं.

"आवं भाऊ, चपला तितंच काढा. पाय साबणानं धुवा, मग आत या."

मी पाय धुतले. कारण सांगितलं. त्यांनी मूठभर ज्वारी टाकली, कोंबड्या जमल्या, त्यांचा कोंबडा आरवला. मी फोन स्पीकरवर टाकून पुढं धरला.

आक्का बराच वेळ ऐकत होती.

"बऱ्या हायत की सगळ्या."

"हो."

"तू जेवतोस काय येळंवर?"

"जेवतो."

मग म्हणाली, "भाभीला सांग, कोंबड्याला वल्ल्यात बसवू नगं. छाती घरघरतीया त्याची."

भाभींनी तोंडाला पदर लावला.

त्यानंतर आक्का नऊ दिवस होती. मी रोज सातला पाय धुऊन भाभींच्या परड्यात उभा राहायचो. रोज तिनं ऐकलं. कोंबड्यांचं काय झालं, हे एकदाही विचारलं नाही. कोंबडा बरा झाल्याचंही आधी तिनंच सांगितलं.

रविवारी भेटायला गेलो तेव्हा माझं मनगट हातात घेऊन अंगठ्यानं चाचपत राहिली.

"वाळलास," एवढंच म्हणाली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं.

सहा महिन्यांपूर्वी भाभींनी दोन तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, आणून दिल्या, अर्धलीनं. पिल्लं होतील ती निम्मी त्यांची. लस मी वेळेवर दिली.

आणि मागच्या आठवड्यात बाजारात परत एक उलट्या पिसांची दिसली.

तिला डालग्याखाली ठेवली. ती ओरडायला लागली. मी खुर्ची आणून शेजारी बसलो. पेपर तिथंच वाचला, चहा तिथंच घेतला. रोज. डालगं उचललं नाही.

आज आठवा दिवस पूर्ण झाला.

सकाळी तिला हातात घेतलं. पिशवी रिकामी. तुरा लाल. चोचीला वास नाही. मान सरळ.

सात वाजता फोन उगाचच हातात घेतला, परत ठेवला. मग तिला दोघींच्यात सोडलं.

आक्का, तुझ्या पाया पडतो.