तोंड मिटून वाचलेली पोथी

सांगलीच्या डॉक्टरांनी एक लहानसा गोल आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला. आपल्या मनगटाला लावून पाहिला. मग माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि तो आरसा माझ्या घशात धरला.

"आ म्हणा."

मी आ म्हटलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. त्यांनी दोनदा पाहिलं आणि हात धुवायला गेले. हात धुवायला त्यांना फार वेळ लागला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"टी.बी. लॅरिंक्स," ते माझ्या भावाला, दादाला म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे गळ्यातली आवाजाची पेटी. क्षय तिथं उतरला होता. एक्स-रे, म्हणजे आतला फोटो, काढला तर उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावरही डाग निघाला. मूळ तिथलं, म्हणाले.

हे वाचणाऱ्या बाई, तुझा आवाज असाच बसला असेल तर माझ्यासारखा वेळ घालवू नकोस. आम्ही पलूसकडचे. हळद शिजवून वाळवायच्या दिवसांत आमच्याकडे निम्म्या गावाचा घसा बसतो. मला वाटलं, हळदीची धूळ गेली असेल. रोज संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, त्यालाही मी उन्हाचं नाव दिलं. दोन महिने गेले. एका पहाटे जात्यावर ओवी म्हणताना मधेच आवाज तुटला आणि पुन्हा आलाच नाही. माझी चार वर्षांची चंपा मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ती म्हणाली, "आये, फुडं म्हण की." मला पुढं म्हणता येईना.

डॉक्टरांनी औषध सांगितलं, ते ऐकून दादाला हसू आलं. व्हॉइस रेस्ट. म्हणजे तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं पेटीवर जास्त ताण पडतो.

दादा म्हणाला, "आवं डाक्टरसायेब, ही तशीबी कुणाशी बोलतच न्हाई. हिला हे औषद लय सोपं हाय."

खरं होतं ते. चार माणसांत मी मान वर करत नाही. पण जात्यावर बसले की माझा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा. ते दादाला आठवलं नाही. मला तेवढंच आठवत होतं.

"तीन महिन्यांनी आरशात पाहू," डॉक्टर म्हणाले. "जखम भरली असेल तर आवाज येईल. नसेल तर सांगता येत नाही."

पाचगणीच्या वाटेवर एक सॅनिटोरियम होतं, तिथं मला ठेवलं. चंपा जाऊबाईंजवळ राहिली. आमचे हे पलटणीत होते, लढाईवर. त्यांना दादानं पत्रात फक्त खोकला असं लिहिलं.

सॅनिटोरियम म्हणजे नुसतं पडून राहायचं घर. व्हरांड्यात ओळीनं खाटा. सकाळी दूध आणि अंडं, मग माशाचं तेल, दुपारी दोन तास डोळे मिटून पडणं, चार वाजता ताप मोजायचा पारा. पारा किती चढला ते खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर टिंबानं मांडायचे आणि टिंबं रेघेनं जोडायचे. त्याला चार्ट म्हणतात. आम्ही सगळ्या एकमेकींचे चार्ट चोरून बघायचो. माझ्या हातात पाटी-पेन्सिल दिली होती. चौथीनंतर पहिल्यांदाच.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतल्या एक मास्तरीणबाई होत्या. त्यांना बोलायची मोकळीक होती आणि त्या ती पुरेपूर वापरत. पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "दिवसभर छताकडे काय बघतेस? त्या वाशांचा तुला उबग नाही आला तरी वाशांना तुझा आला असेल. हे घे." आणि त्यांनी मला एक कादंबरी दिली. त्यांच्या आधीच्या कुणी बाईनं ती मागं ठेवली होती. जंतू मरावेत म्हणून आठ दिवस उन्हात पडून तिची पानं वाकडी झाली होती.

मी कादंबरी कधी वाचली नव्हती. मला पोथी ठाऊक होती. आमच्या आळीत लिहिता-वाचता येणारी मी एकटी, म्हणून श्रावणात पोथी माझ्याकडेच असायची. पोथी वाचायची म्हणजे आंघोळ करून, ताठ बसून, सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि घेतलेला अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही. लेकरू रडो, दूध उतू जावो, अध्याय संपवूनच उठायचं. वाचणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत. डोळ्यांनी नुसतं बघायचं आणि त्याला वाचणं म्हणायचं, हे मला माहीतच नव्हतं.

दुपारच्या दोन तासांत सगळ्या झोपल्या की मी उठून बसायची. हात धुवायची. पुस्तक कपाळाला लावायची. मग पदर तोंडावर घेऊन कुजबुजत, पण सुरात, वाचायची. अध्याय लांब होते, वीस-वीस पानांचे. दम लागायचा, पण मधे थांबण्याची छाती होत नव्हती.

त्यात एका कुंभाराची सून होती. नवरा परमुलखात गेलेला. ती आपली लेक दुसऱ्याच्या दारात ठेवून विटांच्या भट्टीवर कामाला जाते. जाताना लेक पदर धरते, तेव्हा ती पदराचा तेवढा तुकडा फाडून तिच्या मुठीत ठेवते आणि निघते. मी ते पान तीनदा वाचलं. तोंडानं.

आठ दिवसांत माझा चार्ट घाटाच्या रस्त्यासारखा वर चढला. नव्व्याण्णव, शंभर, शंभरावर चार. तिथले डॉक्टर रोज कागद बघून ओठ आवळायचे. शेवटी म्हणाले, "फ्रेनिक करावं लागेल असं दिसतं." फ्रेनिक म्हणजे मानेतली एक नस चिमटायची, मग त्या बाजूचं फुप्फुस हलायचं कमी होतं आणि त्याला विसावा मिळतो. "घरच्यांची संमती मागवू. आणि घसा... घशाचं आता मी काही बोलत नाही."

ते पुढच्या खाटेकडे वळले. सांगायचं म्हणजे चारचौघींसमोर चोरी कबूल करायची. मी पाटी उचलली, ठेवली, परत उचलली. डॉक्टर तीन खाटा पुढं गेल्यावर मी पाटीवर पेन्सिलनं टकटक केलं. सगळ्या व्हरांड्यानं माझ्याकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं : रोज पोथी वाचली. तोंडाने. बसून.

डॉक्टरांनी उशीखालचं पुस्तक काढलं. "ही पोथी?" वरच्या पुठ्ठ्यावर मी कुंकवाचं बोट लावलं होतं.

मास्तरीणबाई एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अगं, लेखकाला हे कळलं तर तो सत्यनारायण घालील!"

डॉक्टर हसले नाहीत. खाटेच्या कडेला बसले. "रागावत नाही मी. आठ दिवस बसून, दम लागेपर्यंत वाचलंत, तर ताप येणारच. हे तुम्ही सांगितलंत म्हणून कदाचित ऑपरेशन टळेल. पंधरा दिवस वाट पाहू. पुस्तक ठेवा. पण मनात वाचा."

मी लिहिलं : मनात म्हणजे कसं?

शिकलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ते माझ्यावर सोपवा. मी सहा वर्षांच्या पोरींना शिकवते, ही तर मोठी घोडी आहे."

त्यांनी आपल्या डबीतली एक लवंग काढून माझ्या ओठांत धरायला दिली. "पडून वाच. लवंग पडली की ओठ हलले. ओठ हलले की गुन्हा." पहिल्या दिवशी लवंग एवढ्या वेळा पडली की उशीला तिचा वास लागला. एका ओळीपुढं जाता येईना. ओठ बंद ठेवले की अक्षरं मुकी होत, नुसत्या मुंग्या दिसत. मास्तरीणबाई म्हणायच्या, "नवऱ्याचं पत्र आलं असं समज आणि ते शेजारी बसलेल्या जाऊबाईंना कळू द्यायचं नाही असं समज."

पाचव्या की सहाव्या दुपारी मी तेच पदराचं पान उघडलं होतं. लवंग ओठांत होती. आणि मला ते ऐकू आलं. कुणीतरी आत वाचत होतं. सुरात, सावकाश. मला वाटलं मास्तरीणबाई वाचताहेत, पण त्या झोपल्या होत्या. मग ओळख पटली. तो माझाच आवाज होता, जात्यावरचा. फुटण्याच्या आधीचा, जसाच्या तसा. सांगलीच्या आरशात जी पेटी खराब झालेली दिसली होती, तिचा आणि ह्या आवाजाचा काही संबंध नव्हता.

मी रडले. आवाज न करता, पण खूप. आणि रडताना घाबरले की चार वाजता पारा सगळ्यांना सांगणार. चार वाजले. अठ्ठ्याण्णवावर सहा. नर्सबाईंनी पारा झटकून पुन्हा लावला. तेवढाच.

डॉक्टरांना मी पाटीवर विचारलं : रडलं तर चालतं?

ते म्हणाले, "तुमचा चार्ट तर चालतं म्हणतो. रडायला घसा लागत नाही, हुंदके तेवढे आवरा."

हे तुला मुद्दाम सांगते. आजाऱ्यानं मनाला लागेल असं काही वाचू नये, ऐकू नये, असं लोक म्हणतात. जाऊबाईंनीही तसाच निरोप धाडला होता. माझा अनुभव वेगळा आहे.

मला एक जुनी गोष्ट आठवली. लढाईवर जायच्या आधी हे रजेवर आले, तेव्हा जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवायला मला घेऊन गेले होते. पडद्यावर एक म्हातारी रोज आपल्या लेकाचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि लेक काही यायचा नाही. मी रडायला लागले, तर हे म्हणाले, "येडी हायस का? त्यो पडदा हाय, चादर हाय नुसती." थोड्या वेळानं मी त्यांच्याकडे पाहिलं. हे मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत होते. म्हणाले, "धूर हाय लय, बत्तीचा." त्या दिवशी मला ते फार जवळचे वाटले.

रविवारी व्हरांड्यात ग्रामोफोन लावायचे. एक तबकडी कानडी होती. मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. पण गाणारी बाई एका ठिकाणी आवाज असा खाली आणायची, की झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तसा. तेवढ्या जागेसाठी मी आठवडा काढायची. अर्थ कळला नाही तरी माणूस कळतं. मग चादरीवरची म्हातारी, कागदावरची कुंभाराची सून, लाखेच्या तबकडीतली ती बाई, ह्या खोट्या कशा म्हणायच्या? त्या नसत्या तर मी दिवसभर फक्त माझ्याच दुखण्याचा विचार केला असता. त्यांच्या पायी माझं लक्ष माझ्यावरून हललं, आणि अंगाला त्याचं काम करायला मोकळीक मिळाली. डॉक्टर ह्याला रेस्ट म्हणतात. फ्रेनिक झालंच नाही.

तीन महिने भरले. पुन्हा आरसा, पुन्हा दिवा, पुन्हा जीभ फडक्यात. इथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि हे हात धुवायच्या आधीच बोलले. "भरलीय. आता म्हणा, ई."

मी ई म्हटलं. घोगरा होता, पण आवाज होता. व्हरांड्यातून मास्तरीणबाई ओरडल्या, "अ आ पासून सुरू कर गं!" थुंकी तपासली, जंतू निघाले नाहीत. दोन महिन्यांनी घरी सोडलं. निघताना ताकीद दिली : हळू बोला, आणि वर्षभर गाणं नाही.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, वाचणाऱ्याला काय मिळेल ते सांगणारी. कादंबरीच्या शेवटी मी ती शोधली होती. कुंभाराची सून लेकीला घेऊन परत येते आणि पुस्तक तिथंच संपतं, पुढं एक कोरं पान. जायच्या दिवशी मी त्या पानावर पेन्सिलनं लिहिलं : हे पुस्तक जी बाई पडून, तोंड मिटून वाचील, तिला आपला गेलेला आवाज आत ऐकू येईल. रडू आल्यास रडावे, ताप चढत नाही. खाली एक लवंग कागदात बांधून ठेवली आणि पुस्तक उन्हात ठेवून आले.

घरी आले तेव्हा चंपा जाऊबाईंच्या मागं लपली. संध्याकाळी जवळ आली. म्हणाली, "ओवी म्हण."

मी म्हटलं, "मनात म्हणते. हितं कान लाव."

तिनं माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाली, "काईबी येत न्हाई. मोट्यांदा म्हण की."

ते वर्ष कालच्या पौर्णिमेला पुरं झालं. डॉक्टरांचं कार्ड आलं, दिवसाला एक ओवी, तीही हळू. आज पहाटे जात्यात पहिली मूठ घातली. चंपा मांडीवर आली. जिथं तुटली होती तीच ओवी मी घेतली, आणि पुढं म्हटली.